बर्म्युडाची आरमारी गोदी: खडकात पाणी अडत नसताना जहाजे दुरुस्त कशी झाली?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, म्हणजे बॉस्टन, न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीतील बेयॉन येथून, उन्हाळ्यात बर्म्युडाला जाणाऱ्या क्रूझवर हल्ली मराठी कुटुंबेही दिसतात. जहाज ज्या धक्क्याला लागते त्याचे नाव किंग्ज व्हार्फ किंवा हेरिटेज व्हार्फ असते, पण तिथले लोक त्या सगळ्या परिसराला नुसते 'डॉकयार्ड' म्हणतात. उतरल्यावर समोर जे दिसते त्याचा चटकन उलगडा होत नाही. एका बाजूला किल्ल्यासारखी तटबंदी, दुसऱ्या बाजूला केक आणि काचेच्या वस्तू विकणारी दुकाने, आणि मध्ये दोन मनोऱ्यांची एक लांबलचक दगडी इमारत, जिच्या दोन घड्याळांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. घड्याळ बिघडले असावे अशा समजुतीने बहुतेक प्रवासी पुढे जातात. प्रत्यक्षात एक मनोरा वेळ दाखवतो, तर दुसऱ्यावरील काटे त्या दिवशीच्या भरतीच्या वेळेवर लावून ठेवलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली ही इमारत ब्रिटिश आरमाराचे कोठार होती. आज तिच्यात बाजार आहे.

आरमाराची गोदी, कैद्यांची छावणी, तुरुंग, संग्रहालय आणि बाजार ही सर्व रूपे एकाच जागेने घेतली. ती का घेतली हे कळण्यासाठी मुळात गोदी कशाला लागते, तिथून सुरुवात केली पाहिजे.

गोदी म्हणजे नेमके काय?

बंदर आणि गोदी यांची आपल्या बोलण्यात अनेकदा सरमिसळ होते. बंदरात जहाज थांबते, माल चढतो-उतरतो. गोदीत मात्र जहाज बांधले जाते किंवा दुरुस्त होते. जहाजाच्या दुरुस्तीतील खरी अडचण ही की त्याचा नेमका जो भाग लवकर खराब होतो, तोच सतत पाण्याखाली असतो. लाकडी जहाजाच्या तळाला कालवे आणि शेवाळ धरते, सागरी कीड फळ्या पोखरते, जहाजाचा वेग मंदावतो आणि शेवटी गळती लागते. म्हणून काही काळाने तळ कोरड्यात आणावाच लागतो.

त्याचा उत्तम उपाय म्हणजे सुकी गोदी. किनाऱ्याला लागून, तोंडाशी दरवाजा असलेला प्रचंड हौद खोदायचा, भरतीला जहाज आत घ्यायचे, दरवाजा लावायचा आणि ओहोटीने किंवा पंपाने पाणी बाहेर काढायचे. जहाज टेकूंवर बसते आणि सुतार खाली उतरून कामाला लागतात. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात कोरलेली मराठा आरमाराची गोदी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. मुंबईला समुद्राच्या भरती-ओहोटीत कित्येक मीटरचा फरक पडतो, त्यामुळे अठराव्या शतकात तिथे दगडी सुक्या गोद्या उभ्या राहिल्या आणि उत्तम चालल्या. बर्म्युडात भरतीचे पाणी जेमतेम एक मीटर चढते. तिथल्या खडकाचा प्रश्न तर त्याहून अवघड होता.

इतक्या आडवाटेच्या बेटावर गोदी कशासाठी?

बर्म्युडा हा अटलांटिक महासागरातील लहानशा बेटांचा समूह आहे. क्षेत्रफळ सुमारे ५३ चौरस किलोमीटर, लोकवस्ती आजही साठ-पासष्ट हजारांच्या घरात. सर्वांत जवळचा किनारा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाचा, तोही सुमारे १००० किलोमीटर दूर. तिथे नदी नाही, ओढा नाही. घराच्या पांढऱ्या छपरावर पडलेले पावसाचे पाणी टाकीत साठवूनच गेली चार शतके लोक तिथे राहत आले आहेत. कारखाना काढण्यासाठी याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही.

परंतु आरमार जागा निवडते ती सोयीसाठी नव्हे, तर अंतरासाठी. १७८३ साली अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य करताना ब्रिटनने त्या किनाऱ्यावरील आपली बंदरे गमावली. उत्तरेला कॅनडातील हॅलिफॅक्स आणि दक्षिणेला वेस्ट इंडीज यांच्यामध्ये ब्रिटिश युद्धनौकेला विसाव्याला जागा उरली नाही. त्या मोठ्या फटीत एकच ठिपका होता, तो बर्म्युडाचा. अडचण एवढीच की बेटांभोवती प्रवाळाचे खडक पसरलेले आहेत. त्यांतून मोठी जहाजे सुखरूप आत येतील अशी वाट आहे का, हे शोधण्यासाठी थॉमस हर्ड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने १७८९ पासून अनेक वर्षे त्या समुद्राची मोजणी केली. त्यातून मोठ्या जहाजांना पुरेल असा मार्ग सापडला, आणि १८०९ साली पश्चिम टोकाच्या आयर्लंड आयलंड या बेटावर गोदीचे काम सुरू झाले.

नावामुळे गोंधळ होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की या बेटाचा आयर्लंड देशाशी संबंध नाही. पुढे अनेक आयरिश माणसे कैदी म्हणून तिथे आली, हा निव्वळ योगायोग. गोदी पूर्ण होण्याआधीच तिचा उपयोगही झाला. १८१४ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेशी पुन्हा पेटलेल्या युद्धात, ज्या ब्रिटिश फौजेने वॉशिंग्टन शहरातील राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आणि संसद जाळली, ती फौज बर्म्युडाहूनच निघाली होती.

मग सुकी गोदी खोदली का नाही?

पूर्वी आरमाराचा गड असलेल्या या परिसरात सुकी गोदी कुठेच दिसत नाही, ही गोष्ट चौकस प्रवाशाच्या लक्षात येते. तिचे कारण खडकात आहे. बर्म्युडाचा चुनखडक वाऱ्याने उडवलेल्या शंख-शिंपल्यांच्या वाळूपासून बनलेला आहे. तो करवतीने कापता येतो, घरे बांधायला छान, पण मातीच्या माठासारखा पाझरतो. त्यात हौद खोदला तर दरवाजा कितीही घट्ट लावा, पाणी भिंतींतून आणि तळातून येतच राहणार.

यावर ब्रिटिश अभियंत्यांनी जो तोडगा काढला तो धाडसी होता. जमिनीत गोदी होत नसेल तर गोदीच तरंगती करायची, असे त्यांनी ठरवले. तरंगती गोदी म्हणजे दोन्ही टोकांना उघडी असलेली लोखंडाची अजस्र पन्हाळ. तिचा तळ आणि दोन्ही बाजूंच्या भिंती पोकळ असतात. त्या पोकळीत पाणी घेतले की गोदी खाली बुडते, जहाज तिच्यात शिरते; मग पंपाने पाणी उपसले की गोदी जहाजाला पोटात घेऊन वर येते आणि जहाजाचा तळ उघडा पडतो. खडक, भरती, दरवाजा यांपैकी कशाचीही गरज राहत नाही.

'बर्म्युडा' याच नावाची ही गोदी लंडनजवळ टेम्स नदीकाठी बांधली गेली आणि १८६८ साली पाण्यात उतरली. लांबी ३८१ फूट, वजन आठ हजार टनांच्या वर. तिला स्वतःचे इंजिन नव्हते, म्हणून १८६९ च्या उन्हाळ्यात ती अटलांटिक महासागरातून ओढत नेण्यात आली. मदिरा बेटापर्यंत 'एजिनकोर्ट' आणि 'नॉर्थंबरलँड' या लोखंडी युद्धनौकांनी तिला ओढले, आणि तिथून पुढे 'वॉरियर' आणि 'ब्लॅक प्रिन्स' यांनी. जहाजांसाठी गोदी असते हे सर्वांना ठाऊक असते, पण इथे साम्राज्यातील सर्वांत बलाढ्य जहाजे गोदीसाठी राबली. या गोदीच्या रचनेत आणखी एक खुबी होती. भिंतींतील पोकळ्यांत पाणी कमी-जास्त करून तिला एका कुशीवर कलंडवता येई, आणि मग तिचा स्वतःचा तळही घासून साफ करता येई. इतरांचे तळ साफ करणारीचा तळ कोण साफ करणार, याचे उत्तर तिच्याच पोटात ठेवलेले होते. नंतर तिची जागा अधिक मोठ्या तरंगत्या गोदीने घेतली. पहिल्या गोदीचा गंजलेला सांगाडा बर्म्युडात स्पॅनिश पॉइंटजवळ उथळ पाण्यात अजून पडून आहे.

हाच प्रश्न इतरत्र वेगळ्या रीतीने सुटला. सिडनीच्या बंदरातील कॉकाटू बेटावर पाणी अडवणारा वाळूचा घट्ट खडक होता, म्हणून तिथे कैद्यांकडून खरोखरच सुकी गोदी कोरून घेतली गेली. कॅरेबियनमधील अँटिग्वा बेटावरील गोदीत जहाज दोरखंडांनी आडवे ओढून, एकेक बाजू उघडी पाडून डागडुजी करत. ही दोन्ही ठिकाणेही आज पर्यटनस्थळे आहेत, आणि दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत.

हे सगळे बांधले कोणी?

बर्म्युडाचे मोकळे नागरिक मुख्यतः दर्यावर्दी होते. दगड फोडण्याच्या कामाला ते तयार नव्हते आणि मिळालेच तर महाग पडत. म्हणून सुरुवातीला आरमाराने स्थानिक मालकांकडून गुलाम माणसे भाड्याने घेतली. १८१५ च्या सुमारास एक वेगळाच गट इथे राबत होता. अमेरिकेतील मळ्यांवरून पळून ब्रिटिशांना मिळालेले, त्यांच्या बाजूने लढलेले कृष्णवर्णीय सैनिक युद्ध संपल्यावर वर्षभराहून अधिक काळ आयर्लंड आयलंडवर ठेवण्यात आले. त्यांना वेस्ट इंडीजच्या पलटणींत भरती करून घेण्याचा प्रयत्न झाला, पण त्यांनी साफ नकार दिला. अखेर १८१६ साली ते त्रिनिदादला स्थायिक झाले, आणि त्यांचे वंशज आजही तिथे 'मेरिकिन' म्हणून ओळखले जातात.

१८२४ पासून ब्रिटन आणि आयर्लंडमधील कैदी आणण्यास सुरुवात झाली. १८६३ पर्यंत सुमारे ९००० कैदी आले, त्यांतील सुमारे २००० तिथेच मेले. मृत्यूचे मोठे कारण पीतज्वर हे होते. डासांमुळे तो पसरतो हे त्या काळी कोणाला माहीत नव्हते, आणि पावसाचे पाणी टाक्यांत साठवणारे बेट हे डासांचे नंदनवनच होते. कैद्यांना सुरुवातीला जमिनीवर तुरुंग नव्हता. मोडीत निघालेल्या जहाजांची डोलकाठी-शिडे काढून, ती कायमची नांगरून, त्यांच्या पोटात माणसे कोंडली जात. अशा जहाजाला 'हल्क' म्हणत.

त्या जहाजांतले सागवान कुठले?

आपल्याकडच्या वाचकाला या गोष्टीत ज्या ठिकाणी थांबावेसे वाटेल ते ठिकाण हे आहे. बर्म्युडातील हल्कांपैकी एकाचे नाव होते 'ड्रोमेडरी'. हे जहाज १७९९ साली मुंबईत बांधले गेले, तेव्हा त्याचे पारशी नाव 'कैखुश्रू' होते. वाडिया घराण्यातील कारागिरांनी सुरतेहून मुंबईत येऊन उभारलेल्या जहाजबांधणीचा तो भरभराटीचा काळ होता, आणि पश्चिम किनाऱ्यावरील जंगलांतून येणारे सागवान हे तिचे भांडवल होते. १८०५ साली ब्रिटिश आरमाराने हे व्यापारी जहाज विकत घेतले आणि पुढे रसद वाहण्यासाठी वापरले. १८०९ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचे नवे गव्हर्नर लॅकलन मॅक्वॉरी याच जहाजातून सिडनीला गेले. आणि १८२० च्या दशकात, प्रवास संपल्यावर, त्याचा बर्म्युडात तुरुंग झाला. 'कोरोमंडल' आणि 'वेमाउथ' हे आणखी दोन हल्क मुळात कलकत्त्यात बांधलेले होते.

भारतीय जहाजेच का, याचे उत्तर साधे आहे. ओकच्या लाकडाची जहाजे वीस-पंचवीस वर्षांत कुजू लागत. सागवानात तेलाचा अंश असतो, तो लोखंडी खिळ्यांना गंजण्यापासून वाचवतो आणि किडीलाही सहज दाद देत नाही. म्हणून सेवानिवृत्त झाल्यावरही ज्यांचा सांगाडा धड होता अशी जहाजे बरीचशी सागवानीच असत. 'ड्रोमेडरी' १८६४ साली मोडली गेली, म्हणजे मुंबईतील जन्मानंतर ६५ वर्षांनी. १८४८ साली जॉन मिचेल नावाचा आयरिश बंडखोर पत्रकार त्याच जहाजात कैद होता, आणि त्याची तिथली रोजनिशी पुढे छापली गेली. हे जहाज जिथे नांगरलेले असे तिथल्या समुद्रतळातून, पाण्यात बुडी मारणाऱ्या शोधकांना कैद्यांच्या वस्तू सापडल्या. त्यांत हाडांवर कोरलेले बारीक काम आणि खेळाच्या सोंगट्या आहेत. दिवसभर पांढऱ्या चुनखडकावर उन्हात घण घातल्यावर रात्री तीच माणसे एवढे नाजूक काम करत होती.

इतकी मोठी गोदी बंद का पडली?

याचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने बर्म्युडात स्वतःचे तळ उभारले, युद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली, आणि ज्या अमेरिकेवर नजर ठेवण्यासाठी गोदी बांधली तीच आता मित्र होती. १९५१ साली गोदी बंद झाली. 'एचएमएस मलबार' या नावाने एक लहान आरमारी ठाणे मात्र १९९५ पर्यंत टिकले. मलबार हे नाव अटलांटिकमध्ये कसे, असा प्रश्न पडेल. ब्रिटिश आरमारात त्या नावाची जहाजे परंपरेने असत, आणि त्यांपैकी भारतात सैन्य नेणारे एक जहाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे तळाचे जहाज म्हणून ठेवले होते. कैद्यांनीच बांधलेली 'केसमेट्स' ही बराक पुढे खरा तुरुंग झाली, आणि तोही १९९५ पर्यंत चालला.

आरमाराच्या कोठारात बाजार भरवणे म्हणजे इतिहासाची थट्टा नव्हे का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु त्याआधी पर्याय काय होता ते पाहावे. खाऱ्या वाऱ्यात दगडी इमारत छपरावाचून सोडली की तिची पडझड लवकर सुरू होते. १९५१ नंतर इथे तेच होत होते. १९७५ साली तटबंदीच्या आतील बालेकिल्ल्यात, ज्याला 'कीप' म्हणतात, सागरी संग्रहालय सुरू झाले. त्याचे उद्घाटन राणी एलिझाबेथ यांनी केले. आज ते बर्म्युडाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. उरलेल्या परिसरासाठी १९८२ साली सरकारने वेगळे विकास महामंडळ नेमले. इमारती भाड्याने द्यायच्या आणि त्या उत्पन्नावर परिसर राखायचा, असा हा व्यवहार आहे. पिपे बनवण्याच्या कारखान्यात आज हस्तकलेचा बाजार आणि खानावळ आहे. माझ्या मते यात लाजिरवाणे काही नाही. कोठार हे मुळातच माल ठेवण्यासाठी होते. त्यात माल विकला गेल्याने त्याचा अपमान होत नाही.

खरी उणीव दुसरीकडे आहे. बाजारात फिरायला पैसे पडत नाहीत, पण कैद्यांची, गुलामांची आणि मजुरांची गोष्ट मुख्यतः संग्रहालयाच्या तिकीट-खिडकीपलीकडे आहे. त्यामुळे अर्ध्या दिवसासाठी उतरलेला प्रवासी हातात केकचा डबा घेऊन परततो आणि तट कोणी रचला हे त्याला कळतच नाही.

दुसरा प्रश्न अवलंबित्वाचा आहे. क्रूझचा हंगाम साधारण एप्रिलपासून शरद ऋतूपर्यंत असतो. हिवाळ्यात दुकानांना फारसे गिऱ्हाईक नसते. मोठी जहाजे राजधानी हॅमिल्टनला किंवा जुन्या सेंट जॉर्ज शहराला न जाता डॉकयार्डलाच येतात, कारण इतर ठिकाणचे जलमार्ग त्यांना अरुंद पडतात. हेरिटेज व्हार्फ हा धक्का २००९ साली त्यांच्यासाठीच तयार झाला. २०२० साली महामारीत जगभरची क्रूझ जहाजे थांबली, तेव्हा हा धक्काही ओस पडला. आरमाराच्या काळात जसे लोखंड, लाकूड, माणसे सारे काही जहाजानेच येई, तसे आता गिऱ्हाईकही जहाजानेच येते, आणि जहाज कधी यायचे हे बेटावर ठरत नाही.

मुंबईची गोदी अशी पाहता येईल का?

सध्या तरी नाही, आणि त्याचे कारणही योग्य आहे. मुंबईची आरमारी गोदी बंद पडलेली नाही. भारतीय नौदलाची जहाजे आजही तिथे दुरुस्त होतात, त्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीने ती सर्वांना खुली नसते. आरमारी गोदी पर्यटनस्थळ होते ती बहुधा आरमार सोडून गेल्यावर. त्या अर्थाने मुंबईकरांनी तक्रार न केलेलीच बरी. मुंबईच्या जुन्या कारागिरीचा नमुना प्रत्यक्ष पाहायचा असेल तर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जावे. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका तिथे अजून तरंगत आहे आणि तिच्यावर चढून जाता येते.

एका दिवसात काय पाहावे?

जहाजातून उतरताच बाजारात शिरण्याऐवजी आधी संग्रहालय गाठावे, कारण सकाळी गर्दी आणि ऊन दोन्ही कमी असते. उंचावरील 'कमिशनर्स हाउस' चुकवू नये. १८२० च्या दशकात बांधलेल्या या घराचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडला गेला. लोखंडी सांगाड्याच्या अगदी सुरुवातीच्या निवासी इमारतींत त्याची गणना होते. ज्या अधिकाऱ्यासाठी एवढा खर्च केला, ते पदच थोड्या वर्षांत रद्द झाले. तिथल्या एका दालनात ग्रॅहॅम फॉस्टर या चित्रकाराने बर्म्युडाच्या इतिहासाचे प्रचंड भित्तिचित्र रंगवले आहे. घाई असेल तर तेवढे एक दालन तरी पाहावे. गुलामांच्या व्यापाराविषयीचे दालनही याच घरात आहे.

तटावरून खाली पाहताना दगडांतील फरक लक्षात घ्यावा. तटबंदीचे दगड कठीण आहेत, ते याच बेटावर फोडलेले. घरांचे दगड मऊ, करवतीने कापलेले. दुपारनंतर दुकाने, आणि वेळ उरला तर हॅमिल्टनला जाणारी फेरी पकडावी. तिला साधारण वीस मिनिटे लागतात, ती धक्क्याजवळूनच सुटते, आणि बसपेक्षा पुष्कळ लवकर पोहोचवते. परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे हे मात्र जाण्यापूर्वीच विचारून ठेवावे, कारण उशीर झालेल्या प्रवाशासाठी क्रूझ थांबत नाही.